मुलांना ससा हवा आहे: आणण्याआधी घराने स्वतःला विचारायचे प्रश्न

वार्षिक परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागली की वस्तीतल्या बऱ्याच घरांत एक हट्ट सुरू होतो, "आई, आपण काहीतरी पाळूया ना!" कोणी बाजारात टोपलीत बसलेली पांढरीशुभ्र पिल्ले पाहून आलेले असते. कोणाच्या मैत्रिणीकडे ससा आलेला असतो. कोणी मोबाइलवर चिंचिला नावाच्या मऊ, करड्या, मोठ्या कानांच्या प्राण्याचे व्हिडिओ पाहून तोच हवा म्हणून रुसून बसते. आई-वडील चार दिवस टाळतात. मग काही शे रुपयांत लेकरू खूश होत असेल तर होऊ दे, म्हणून एक दिवस पिंजरा घरात येतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. आपली घरे लहान. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि पाच-सहा माणसांची झोप चालते. त्या खोलीत आणखी एक जीव आला की त्याचे केस, लघवी, वास, आवाज आणि खर्च सगळ्यांच्या वाट्याला येतो. उलट आपल्या खोलीतली उष्णता, गोंगाट आणि मुलांची ओढाताण त्या जिवाच्या वाट्याला येते. दोन्ही बाजू पाहूनच निर्णय घ्यायला हवा.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. चिंचिला आपल्या हवामानात आणूच नये. ससा पाळता येतो, पण घरात पाच वर्षांखालचे मूल असेल, कोणाला दमा असेल किंवा उन्हाळ्यात घर भट्टीसारखे तापत असेल तर तोही आणू नये. असे का, ते आता क्रमाने पाहू.

चिंचिला: थंड डोंगरातला प्राणी

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला, मुख्यतः चिली देशातला. तिथली हवा थंड आणि कोरडी असते. त्या थंडीसाठी त्याच्या अंगावर विलक्षण दाट केस असतात. आपल्या डोक्यावर केसाच्या एका मुळातून एक-दोन केस येतात, त्याच्या अंगावर एकेका मुळातून पन्नास-साठ केस येतात. याच केसांसाठी माणसाने त्याची इतकी शिकार केली की रानातला चिंचिला जवळजवळ संपला. १९२३ साली मॅथियास चॅपमन या अमेरिकन माणसाने चिलीतून काही चिंचिला अमेरिकेत नेले, तेही कातडीच्या धंद्यासाठीच. आज पाळले जाणारे चिंचिला बहुतेक त्यांचेच वंशज मानले जातात.

इतक्या दाट केसांच्या प्राण्याला २५ अंश सेल्सिअसच्या वरची हवा धोक्याची असते. आपल्याकडे मुंबईच्या दमट हवेत किंवा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला वातानुकूलित खोलीत ठेवल्याशिवाय इलाज नाही. त्याला पाण्याने आंघोळ घालता येत नाही, कारण दाट केस लवकर वाळत नाहीत आणि त्वचेला बुरशी लागते. तो बारीक धुळीत लोळून अंग स्वच्छ करतो. ती धूळ खोलीभर उडते आणि दमा असलेल्या मुलाला त्रास देते. शिवाय तो रात्री जागतो, उड्या मारतो, कुरतडतो. घाबरवून पकडले तर त्याच्या केसांचा पुंजका हातात येतो. नीट सांभाळला तर तो दहा ते वीस वर्षे जगतो, म्हणजे आज पहिलीत असलेले मूल नोकरीला लागेपर्यंत.

तेव्हा मोबाइलवरचा चिंचिला मोबाइलवरच राहू द्यावा. "मग ससा तरी आणूया" असे मुले म्हणतील. खरा विचार इथूनच करावा लागतो, कारण ससा सहज मिळतो.

ससा हे जिवंत खेळणे नव्हे

ससा मऊ असतो, आवाज करत नाही, भुंकत नाही. म्हणून लहान मुलांसाठी तोच बरा, असे आपल्याला वाटते. खरे तर तो गप्प असतो ते घाबरतो म्हणून. निसर्गात ससा दुसऱ्याचे भक्ष्य आहे. त्याला वरून कोणी उचलले की घारीने झडप घातल्यासारखे वाटते. तो मागच्या पायांनी जोरात लाथा मारतो, नखांनी ओरबाडतो, क्वचित चावतो. मूल दचकून त्याला सोडते आणि ससा पडतो. सशाची हाडे हलकी आणि मागचे पाय ताकदवान असतात. हवेत जोराने लाथ मारताना किंवा पडताना त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो. मग मागचे पाय कायमचे लुळे पडतात.

कान धरून ससा उचलणे तर पूर्ण चूक आहे. बाजारात विक्रेते तसे उचलतात म्हणून मुलेही तसेच करतात. सशाचे कान नाजूक असतात, त्यात रक्तवाहिन्यांचे जाळे असते. उचलायचाच असेल तर मोठ्या माणसाने एक हात छातीखाली आणि दुसरा हात मागच्या पायांखाली देऊन अंगाशी धरून उचलावा. मुलांना एकच नियम शिकवावा: आपण जमिनीवर बसायचे, हात पुढे करायचा, ससा आपणहून आला तर पाठीवरून हात फिरवायचा. गेला तर जाऊ द्यायचे.

वयाचेही पाहावे. पाच वर्षांखालच्या मुलाला हळू धरणे आणि घट्ट आवळणे यातला फरक कळत नाही. अशा घरात ससा आणू नये. पाच ते दहा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या नजरेसमोरच हात लावावा. दहाच्या पुढचे मूल खाणे-पाणी देऊ शकते, पण जबाबदारी त्याची नव्हे, घरातल्या मोठ्या माणसाची. "तू आणलास, तूच बघ" असे मुलाला म्हणणे सोपे असते. परीक्षा आली, ताप आला, मूल गावी गेले तर कोण बघणार, हे आधीच ठरलेले हवे.

पत्र्याचे घर आणि उन्हाळा

सशाला घाम येऊन अंग गार होत नाही. तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो. १५ ते २० अंशांची हवा त्याला सुखाची वाटते. तापमान २८-३० अंशांच्या पुढे गेले की त्याला त्रास सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखाली दुपारी काय होते, ते आपल्याला कोणी सांगायला नको. आपण दारात येऊन बसतो, झाडाखाली जातो. पिंजऱ्यातल्या सशाला कुठेच जाता येत नाही.

उष्माघाताची लक्षणे अशी: ससा लांबट पसरून पडतो, भराभर धापा टाकतो, तोंडातून लाळ गळते, कान तापतात, हाक मारली तरी हलत नाही. अशा वेळी त्याला लगेच सावलीत न्यावे, कान साध्या थंड पाण्याने ओले करावेत, पंखा लावावा आणि पशुवैद्यकाकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानेही तो मरू शकतो. घरातल्या दुपारच्या उष्णतेने आपल्यालाच घेरी येत असेल, तर त्या घरात ससा उन्हाळा काढू शकत नाही.

पावसाळ्याचे दुखणे वेगळे. ओल्या पिंजऱ्यात लघवी आणि लेंड्या साचल्या की माश्या येतात. सशाच्या मागच्या ओल्या भागावर त्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या त्वचेत शिरतात. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आणि घुशी येतात. घुशी सशाला चावतात, आणि उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात-चिखलात लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पावसाळ्यात लेप्टो वस्त्यांमध्ये किती जिवावर बेततो, हे मुंबईकरांना ठाऊक आहे. म्हणजे सशाचे खाणे उघडे ठेवणे हा सगळ्या चाळीच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

तो काय खातो, घर किती घाण होते

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजण्यासाठी त्याला दिवसभर गवत चावावे लागते. त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गवताचा हवा, ताज्या किंवा वाळलेल्या. रोज साधारण त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग लागतो. त्याच्या जोडीला कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला थोडा थोडा द्यावा. गाजर गोड असते, ते एखादा तुकडाच. चपाती, भात, बिस्किट, खारी, कांदा, लसूण, कच्चा बटाटा देऊ नये. आपल्या ताटातले उरलेले खाऊन कोंबडी जगते, ससा जगत नाही. चुकीच्या खाण्याने त्याचे पोट बंद पडते. सशाने अर्धा दिवस काहीच खाल्ले नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर उद्यापर्यंत वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गवत कुठून आणणार, हाही प्रश्न आहे. रस्त्याकडेच्या गवतावर कुत्र्यांची लघवी, फवारणीचे औषध आणि गाड्यांचा धूर असतो. ते चालत नाही. गोठेवाल्याकडून किंवा चाऱ्याच्या दुकानातून स्वच्छ गवत रोज मिळेल का, ते आधी पाहावे.

पहाटे ससा स्वतःच्या काही मऊ लेंड्या खातो. मुले ते पाहून किळस करतात किंवा त्याला आजारी समजतात. तो आजार नाही. त्या मऊ लेंड्यांतून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. कधी कधी लघवीचा रंग तांबूस दिसतो, तोही बहुधा खाण्यामुळे असतो. मात्र ससा कुंथत असेल किंवा लघवीत रक्ताचे ठिपके दिसत असतील तर तपासून घ्यावे.

लघवीचा वास उग्र असतो. पिंजरा रोज साफ करावा लागतो, आणि आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवावा लागतो. जिथे पिण्याच्या पाण्यासाठी पहाटे उठून हंडे भरावे लागतात, तिथे हे पाणी कुठून आणणार आणि धुतलेले पाणी कोणत्या मोरीत सोडणार, याचा विचार करा. बहुतेक घरांत हे काम शेवटी आईच्या किंवा मोठ्या मुलीच्या अंगावर पडते. तिला विचारल्याशिवाय ससा आणू नये.

आणखी एक धोका विजेचा. ससा जे दिसेल ते कुरतडतो. मोबाइलच्या चार्जरची, पंख्याची, टीव्हीची वायर जमिनीवरून गेलेली असते. ती कुरतडली तर ससा मरतो आणि घराला आगही लागू शकते.

मुलांच्या आरोग्याला काय होऊ शकते

पहिला मुद्दा श्वासाचा. सशाचे केस, लाळ आणि लघवी यांतल्या सूक्ष्म कणांची काहींना अ‍ॅलर्जी असते. वाळलेल्या गवताची धूळ वेगळीच. ज्या मुलाला दमा आहे, रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते, सारखी सर्दी असते, त्याच्या झोपण्याच्या खोलीत ससा नको. आपल्या घरांत झोपण्याची वेगळी खोली नसतेच, म्हणून याचा अर्थ सरळ आहे: त्या घरात ससा नको. आधी मित्राच्या घरी, जिथे ससा आहे तिथे, मुलाला चार-पाच वेळा तासभर नेऊन पाहावे. डोळे चुरचुरणे, शिंका, अंगावर पित्त उठणे, घरघर यातले काही झाले तर विषय तिथेच संपवावा.

दुसरा मुद्दा त्वचेचा. सशाच्या अंगावर गजकर्णाची बुरशी असू शकते. ती माणसाला लागते आणि गोल, खाजरे, लालसर चट्टे उठतात. एका अंथरुणावर झोपणाऱ्या भावंडांत ते भराभर पसरतात. सशाच्या कानात किंवा नाकावर पांढरट खपल्या दिसल्या तर ती खरूज असू शकते. असा ससा विकत घेऊच नये. घरातल्या सशाला ती झाली तर पशुवैद्यकाकडून औषध घ्यावे. मेडिकलमधून माणसाचे मलम आणून चोळू नये, कारण ससा ते चाटतो.

तिसरा मुद्दा पोटाचा. कोणत्याही प्राण्याला, पिंजऱ्याला किंवा लेंड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. मगच जेवावे. सशाची भांडी आपल्या भांड्यांबरोबर घासू नयेत. प्राण्याचा मुका घेऊ नये, त्याला ताटाजवळ आणू नये.

गरोदर स्त्री, तान्हे बाळ, मधुमेहाने खंगलेली व्यक्ती किंवा कर्करोगाची औषधे चालू असलेली व्यक्ती घरात असेल तर पिंजरा साफ करण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये. प्राणी आणण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

चावले किंवा ओरबाडले तर

प्राणी कोणताही असो, पहिले काम एकच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण १५ मिनिटे बरीच मोठी वाटतात. हळद, चुना, तिखट, तेल, चहापूड काहीही लावू नये. मग दवाखान्यात जावे.

सशाच्या चाव्याने रेबीज होण्याची शक्यता अत्यंत कमी असते. तरी जखम डॉक्टरांना दाखवावी, कारण जखम चिघळू शकते आणि धनुर्वाताच्या लसीचे पाहावे लागते. मुलाला दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर डोस, तसेच १० व्या आणि १६ व्या वर्षीची टीडी लस मिळाली आहे का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहून ठेवावे. कार्ड हरवले असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे.

कुत्रा, मांजर किंवा माकड चावले तर मात्र एक दिवसही थांबू नये. कुत्रा पाळलेला असो, पिल्लू असो, ओळखीचे असो. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रुग्ण वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर हा आजार टळतो. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. ० म्हणजे पहिल्या इंजेक्शनचा दिवस. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावे लागते, त्याची डॉक्टरांकडे आठवण करावी. दोन इंजेक्शने घेऊन "आता बरे आहे" म्हणून थांबू नये. आणि मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी: प्राणी चावला किंवा ओरबाडला तर मार बसणार नाही, पण घरी सांगायचेच. मार बसेल या भीतीने मुले जखम लपवतात आणि तेच जीवघेणे ठरते.

एकाचे दहा

"एकटा कंटाळेल" म्हणून दुकानदार जोडी देतो. दोन्ही माद्या आहेत, असे सांगतो. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे अवघड असते. चार ते सहा महिन्यांत ससे वयात येतात. मादी सुमारे ३१ दिवसांत विते, एका वेळी साधारण चार ते आठ पिल्ले देते, आणि व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. दोन नर असले तर वयात आल्यावर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. सशाला सोबत लागते हे खरे, पण जोडी आणायची तर आधी पशुवैद्यकाकडून नर-मादी तपासून घ्यावे आणि नसबंदी होते का, खर्च किती, ते विचारावे.

पिल्ले वाढली की लोक ती बागेत, टेकडीवर, खाडीकाठी सोडून येतात. पाळलेला पांढरा ससा बाहेर जगत नाही. कुत्री, मांजरे आणि कावळे त्याला एक-दोन दिवसांत संपवतात. पाळलेला प्राणी असा उपाशी मरायला सोडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

"मग दुसरे काहीतरी"

पोपट आणूया, असा आग्रह होतो. आपल्याकडचा हिरवा पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव आणि रानससाही तसेच. विकणारा निघून जातो, पकडला जातो तो पाळणारा.

बाजारात गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्ले मिळतात. ती मुलांच्या हातातच एक-दोन दिवसांत माना टाकतात, आणि त्यांच्या विष्ठेतून जुलाबाचे जंतू मुलांच्या तोंडात जाऊ शकतात. ती घेऊ नयेत. आपण घेणे थांबवले तर रंगवणारेही थांबतील.

गिनीपिग सशापेक्षा लहान आणि शांत असतो, पण उष्णता त्यालाही सोसत नाही. त्याला रोज क जीवनसत्त्व असलेला ताजा पाला किंवा भोपळी मिरचीसारखी भाजी लागते. दमा असलेल्या घरासाठी तोही नको.

घराने विचारायचे आठ प्रश्न

संध्याकाळी सगळे घरी असताना कागद घेऊन बसावे. मुलांनाही बसवावे. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे लिहावे.

१. घरातले सगळ्यात लहान मूल पाच वर्षांपेक्षा मोठे आहे का?
२. घरात कोणालाही दमा, सततचा खोकला किंवा अ‍ॅलर्जी नाही ना?
३. मे महिन्यात दुपारी दोन वाजताही घरात गारवा असलेली एखादी जागा आहे का?
४. पिंजऱ्याबाहेर रोज दोन-तीन तास सशाला सुरक्षित फिरता येईल का?
५. स्वच्छ गवत रोज मिळेल का?
६. साफसफाई कोण करणार हे ठरले आहे का, आणि ती व्यक्ती मनापासून तयार आहे का?
७. ससे पाहणारा पशुवैद्यक कुठे आहे हे माहीत आहे का, आणि त्याच्या औषधाला लागणारे पैसे मुलांच्या औषधाला हात न लावता निघतील का?
८. ससा आठ ते बारा वर्षे जगतो. खोली बदलली, पुनर्वसनात दुसरीकडे जावे लागले, गावी जावे लागले तर तो कुठे राहील, याचे उत्तर आहे का?

पहिल्या तीनपैकी एकाचे जरी उत्तर "नाही" आले तरी ससा आणू नये. बाकीच्यांत एखादे "नाही" असेल तर आधी ते "हो" करावे, मग पुढे जावे.

सातव्या प्रश्नासाठी थोडी माहिती. तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने असतात, पण तिथले बरेच काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचे असते. ससा पाहतात का, हे आधी जाऊन विचारावे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे.

सगळी उत्तरे "हो" आली तरी लगेच बाजारात जाऊ नये. तीस दिवसांचा सराव करावा. भिंतीवर कॅलेंडर लावावे. एक रिकामे खोके कोपऱ्यात ठेवावे. मुलाने रोज सकाळी शाळेआधी खोक्यातला कागद बदलायचा, वाटीतले पाणी बदलायचे, संध्याकाळी एक जुडी पाला निवडून धुवायचा आणि कॅलेंडरवर खूण करायची. आई-वडिलांनी आठवण करून द्यायची नाही. तीस दिवसांनी खुणा मोजाव्यात. दहा दिवसांतच खुणा थांबल्या तर मुलाला स्वतःलाच उत्तर कळते, रागवावे लागत नाही.

"नाही" म्हणायचे असेल तर

बहुतेक घरांत उत्तर "नाही" येईल. त्यात कमीपणा वाटून घेऊ नये. मुलांना खोटे सांगू नये. "पुढच्या महिन्यात आणू" म्हणत राहिले की मूल रोज वाट पाहते. सरळ सांगावे: "आपल्या घरात दुपारी फार उकडते. ससा त्यात जगणार नाही. तो मेलेला आपल्याला चालेल का?" सात-आठ वर्षांच्या मुलाला हे कळते.

सिद्धार्थ आणि देवदत्ताची हंसाची गोष्ट आपल्या मुलांनी विहारात ऐकलेली असते. हंस कोणाचा, ज्याने बाण मारला त्याचा की ज्याने वाचवला त्याचा, हा त्या गोष्टीतला वाद. तोच प्रश्न मुलांपुढे ठेवावा: ससा कोणाचा? ज्याला तो हवा आहे त्याचा, की ज्याच्याकडे तो सुखाने जगेल त्याचा?

मुलांची प्राण्यांची ओढ खरी असते, ती मारू नये. उन्हाळ्यात छतावर किंवा खिडकीत पक्ष्यांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवावे. रोज बदलावे, म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत. कोणते पक्षी किती वाजता आले, ते वहीत लिहायला सांगावे. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, कावळे वस्तीतही येतात. गावी आजीकडे शेळी असेल तर सुट्टीत तिला चारा-पाणी करायला द्यावे.

घरात आधीच ससा असेल तर

या लेखामुळे घाबरून त्याला सोडून देऊ नये. आजच एवढे करा. पिंजऱ्याच्या तळाशी नुसती जाळी असेल तर त्यावर जाड पुठ्ठा किंवा गोणपाट टाका, कारण जाळीने पायांना जखमा होतात. पिंजरा उन्हातून आणि चुलीजवळून हलवा. दुपारी पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा. बिस्किट-चपाती हळूहळू कमी करून आठवडाभरात गवतावर आणा. आंघोळ घालू नका. वायरी उंचावर बांधा. खाणे झाकणाच्या डब्यात ठेवा. मुलाला घरघर होत असेल तर ससा दुसऱ्या चांगल्या घरी देण्याचा विचार करा आणि मुलाला तोवर डॉक्टरांना दाखवा.

आणि ससा कधी गेलाच, तर "पळून गेला" असे मुलाला सांगू नका. गेला म्हणून सांगा, रडू द्या, जवळ बसा. लगेच दुसरा आणून ठेवू नका. तो कशाने गेला, हे मुलाबरोबर शांतपणे बोला, आणि वरचे आठ प्रश्न पुन्हा एकदा काढून वाचा.